परक्या नळीतून आपला श्वास

पेणजवळच्या एका गावातला पंचविशीतला मुलगा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. हात इतका स्थिर, की मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्याच्याकडेच असे. एका पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर मोटारसायकल घसरली, डोक्याला मार लागला, बारा-तेरा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. वाचला, घरी आला. दीड महिन्याने त्याला धाप लागू लागली. आधी जिना चढताना, मग बोलताना, मग नुसते पडल्यापडल्याही. घरच्यांना वाटले, प्लास्टरच्या धुळीने दमा धरला. पंप सुरू झाला, पण उतार पडेना.

मी भेटायला गेलो तेव्हा तो ओटीवर पुढे वाकून बसला होता. दम्यात छाती बहुधा श्वास सोडताना वाजते. याचा गळा श्वास आत घेताना वाजत होता, ओल्या लाकडातून करवत ओढावी तसा. पुढे मुंबईत दुर्बीण घालून पाहिले तेव्हा उलगडा झाला. व्हेंटिलेटरची नळी जिथे टेकली होती तिथे श्वासनलिकेत व्रण पडून, तो भरताना आत आकसला होता. अंगठ्याएवढी रुंद वाट बॉलपेनच्या रिफिलीएवढी उरली होती. डॉक्टरांनी तेवढा तुकडा कापून दोन्ही टोके जोडली आणि मुलगा मोकळा झाला.

त्याचा खराब भाग आखूड होता म्हणून हे जमले. लांब असता तर? दुसऱ्या कोणाची श्वासनलिका बसवता आली असती का? गेल्या साठ-सत्तर वर्षांत किडनी, यकृत, हृदय, फुप्फुस, एवढेच काय हातही बदलता येऊ लागले. मग ही वरवर साधी दिसणारी नळी मागे का राहिली? या प्रश्नाचा आजवरचा प्रवास मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

नळी म्हणावी इतकी साधी नाही

मोठ्या माणसाची श्वासनलिका दहा ते बारा सेंटिमीटर लांब असते. इंग्रजी सी अक्षरासारखी १६ ते २० कूर्चेची कडी तिला उघडी ठेवतात. मागची बाजू मऊ असते, म्हणून शेजारच्या अन्ननलिकेतून घास उतरताना अडत नाही. आतून ओलसर अस्तर असते. त्यावरचे सूक्ष्म केस अखंड हलत राहून धूळ आणि बेडका वर ढकलतात.

निम्म्यापर्यंत लांबीचा भाग, मुलांत साधारण एक तृतीयांश, काढून टोके जोडता येतात. हे शास्त्र बॉस्टनच्या हर्मिस ग्रिलो यांनी रुळवले. अडचण त्यापुढे सुरू होते. किडनीला मोठी रोहिणी आणि मोठी नीला असते. त्या जोडल्या की रक्त खेळू लागते. श्वासनलिकेला अशी एक मोठी वाहिनी नाही. केसासारख्या बारीक वाहिन्या बाजूंनी कड्याकड्याला शिरतात. शिवाय किडनी पोटात झाकलेली असते, तर ही नळी दर श्वासाला बाहेरच्या हवेशी, धुळीशी आणि जंतूंशी भिडते. आणि इथे सूज परवडत नाही. नळीचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा अडथळा साधारण सोळापट वाढतो. किडनीला आलेली थोडी सूज रक्ततपासणीत दिसते, औषधाने उतरते. श्वासनलिकेत चार-पाच मिलिमीटरची सूज माणसाला रात्रीत गुदमरवू शकते.

कलम धरते, नळी का धरत नाही?

पेण-रोह्याकडच्या माणसाला जोडकाम नवे नाही. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधायची, साल सालीला नीट भिडवायची, पट्टी आवळायची; आठवड्यांत नवी पालवी फुटली की कलम धरले. साल भिडली नाही, रस चढला नाही, तर काडी वाळते. श्वासनलिकेच्या प्रत्यारोपणातला पहिला धडा हाच आहे: रक्त पोचले पाहिजे. पण आंब्याच्या खुंटाला काडी कोणत्या झाडाची हे ओळखून तिच्यावर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी नसतात. त्या माणसाला असतात, आणि दुसरा धडा तिथे सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या जखमींवर दुसऱ्याची त्वचा लावली जाई आणि ती काही दिवसांत गळून पडे. पीटर मेडावर यांनी त्यात एक गोष्ट हेरली. त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळते. म्हणजे शरीर नुसते नाकारत नव्हते, लक्षातही ठेवत होते. अवयव नाकारणे हे प्रतिकारशक्तीचे काम आहे हे यातून सिद्ध झाले. मेडावर यांना पुढे १९६० चे नोबेल मिळाले. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ओळख पटवणारी प्रथिने असतात. ती एकबीज जुळ्या भावंडांत सारखी असतात. म्हणूनच बॉस्टनला जोसेफ मरे यांनी डिसेंबर १९५४ मध्ये केलेले किडनी प्रत्यारोपण अशा जुळ्या भावांमध्ये टिकले.

श्वासनलिकेत ही ओळख सगळीकडे सारख्या जोराने बोलत नाही. कूर्चा बऱ्याच अंशी गप्प असते. तिच्या पेशी घट्ट गाभ्यात दडलेल्या, रक्तापासून दूर असतात. खरा कोलाहल अस्तरात असतो. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसते. एका उंदराची श्वासनलिका दुसऱ्या जातीच्या उंदराच्या कातडीखाली ठेवली, तर आधी अस्तर मरते, मग पोकळीत तंतुमय ऊती वाढते आणि चार आठवड्यांच्या आत नळी आतून बुजून जाते. त्याच जातीच्या उंदराची नळी मात्र उघडी राहते. फुप्फुस प्रत्यारोपणानंतर बारीक श्वासवाहिन्या का बुजतात याचा अभ्यास आजही याच प्रयोगावर चालतो. या सगळ्याचा अर्थ असा, की श्वासनलिका स्वीकारली जाणार की नाही याचा निकाल मुख्यतः तिच्या अस्तरावर लागतो. पुढचे सगळे प्रयत्न या अस्तराचे काय करायचे, या एका प्रश्नाभोवती फिरतात.

पहिली वाट: प्रतिकारशक्ती दाबून ठेवणे

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपण केले. जगातल्या पहिल्या मोजक्या प्रयत्नांपैकी तो एक होता. रुग्ण काही तासांतच दगावला. त्या काळी शल्यविशारदांचे हात तयार होते, पण परका अवयव वर्षानुवर्षे टिकवणारे भरवशाचे औषध जगात कोणाकडेच नव्हते. ते मातीतून आले. नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीतील बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतून टॅक्रोलिमस आले. ईस्टर बेटाच्या मातीतून सिरोलिमस आले. ते वेगळे करणारे शास्त्रज्ञ होते भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल.

श्वासमार्गाच्या बाबतीत मात्र औषध दुधारी ठरते. १९६३ पासूनच्या सुरुवातीच्या फुप्फुस प्रत्यारोपणांत बरेचदा श्वासवाहिनीचा सांधाच उसवायचा. टोरांटोच्या जोएल कूपर यांनी दाखवून दिले, की स्टेरॉइडचे मोठे डोस सांधा भरू देत नाहीत. सायक्लोस्पोरिनमुळे स्टेरॉइड कमी करता आले, सांध्याभोवती पोटातली चरबीची जाळी गुंडाळून रक्त पोचवता आले, आणि १९८३ मध्ये त्यांच्या चमूने पहिले दीर्घकाळ टिकलेले फुप्फुस प्रत्यारोपण केले. पुढे सिरोलिमसनेही हाच इशारा दिला: शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू केले तर श्वासवाहिनीचे सांधे सुटतात. नाकारणे थांबवणारे औषध जखम भरणेही थांबवू शकते, हे इथले मूळ कोडे आहे.

क्लीव्हलँडमध्ये मार्शल स्ट्रोम यांनी जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण स्वरयंत्र, त्याला जोडलेली श्वासनलिकेची पाच कडी धरून, बसवले. रुग्णाला वीस वर्षांनी आवाज परत मिळाला. १४ वर्षांनी, सावकाश चाललेल्या नकारामुळे, तो अवयव काढावा लागला. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे २०१० मध्ये स्वरयंत्र आणि श्वासनलिकेचा भाग बसवला गेला. तिथे निवडलेली रुग्ण आधीच किडनी आणि स्वादुपिंड बदलल्यामुळे ही औषधे घेत होती. तिच्यावर औषधांचा नवा बोजा पडणार नव्हता, हा त्या निवडीमागचा विचार होता.

हा विचार महत्त्वाचा आहे. या औषधांनी संसर्ग वाढतात, मूत्रपिंडे झिजतात, मधुमेह होऊ शकतो, काही कर्करोगांचा धोका वाढतो. आपल्याकडे त्यात क्षयाची भर. हृदय बंद पडत असेल तर माणूस हे सगळे पत्करतो. पण ज्याला गळ्याला भोक पाडून, ट्रॅकिओस्टॉमीच्या नळीने का होईना, जगता येते, त्याने ते पत्करावे का? मुंबईत परळच्या ग्लोबल रुग्णालयात ऑगस्ट २०२० मध्ये डॉ. नीलेश सातभाई यांच्या चमूने रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या तरुणीला दोन्ही हात बसवले, तेव्हाही हाच तराजू समोर होता: जीव वाचवणारा नव्हे, पण जगणे बदलणारा अवयव आणि त्यासाठी आयुष्यभराच्या गोळ्या. श्वासनलिकेत तराजू आणखी अवघड होतो, कारण लांब नळी गमावणाऱ्यांत कर्करोगाचे रुग्ण बरेच असतात आणि प्रतिकारशक्ती दाबली तर तो रोग पुन्हा डोके वर काढू शकतो.

तरीही १३ जानेवारी २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात एरिक गेंडेन यांच्या चमूने जवळपास १८ तासांच्या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचा मोठा भाग त्याच्या रक्तवाहिन्यांसह बसवला. दात्याची नळी थायरॉइड आणि अन्ननलिकेच्या काही भागासकट काढली आणि त्यांच्या वाहिन्यांतून नळीला रक्त दिले. दम्याच्या उपचारात घातलेल्या नळ्यांनी जिची श्वासनलिका खराब झाली होती अशी ती रुग्ण होती. पहिला धडा, रक्ताचा, इथे बराचसा सुटला. दुसरा औषधांवर सोपवला गेला.

दुसरी वाट: परकेपणा धुऊन काढणे

पेशींमुळे नकार येत असेल तर पेशीच काढून टाकाव्यात, हा विचारही जुना आहे. जर्मनीच्या क्लाउस हेरबेरहोल्ड यांनी मृतांच्या श्वासनलिका रसायनांत मुरवून, निर्जीव करून, मोठा भाग गमावलेल्या रुग्णांना बसवल्या; पुढे हे तंत्र मुलांतही वापरले गेले. प्रतिकारशक्ती दाबायचे औषध लागत नसे. नळीला आतून आधार देऊन महिनोन्‌महिने ठेवावे लागे आणि तिच्या आश्रयाने रुग्णाची स्वतःची ऊती वाढे. १९९० च्या दशकात जपानमध्ये कुत्र्यांवर गोठवलेल्या श्वासनलिका बसवून पाहिल्या. गोठवल्याने अस्तर मरते, कूर्चा बरीच टिकते आणि नकार सौम्य होतो.

२००८ मध्ये बार्सिलोनात पावलो मॅक्कियारिनी यांनी याच विचाराला मूलपेशींची जोड दिली. क्षयाने डावी मुख्य श्वासवाहिनी आकसलेली एक तरुण रुग्ण होती. दात्याची नळी पुन्हा पुन्हा धुऊन पेशीविरहित केली, तिच्यावर रुग्णाच्या पेशी पेरल्या आणि बसवली. जगभर गाजावाजा झाला. मग २०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात त्यांनी दात्यालाही रजा दिली आणि प्लास्टिकची नळी रुग्णाच्या मूलपेशींत भिजवून बसवली.

पेणच्या कारखान्यात साचा ठेवलेला असतो. साच्यातून निघालेली मूर्ती आकाराने हुबेहूब असते, पण साचा काही तिला बळ देत नाही. ते मातीच्या मळणीत, काथ्यात आणि सावकाश वाळण्यात असते. प्लास्टिकची ती नळी निव्वळ साचा होती. तिच्यात परके काही नव्हते, म्हणून नकार येणार नाही हे खरे. पण तिच्यात रक्तही नव्हते. पेशी टिकल्या नाहीत, अस्तर धरले नाही, टोके सुटली, संसर्ग झाला. कॅरोलिन्स्कातले तिन्ही रुग्ण दगावले. तिथल्याच चार डॉक्टरांनी २०१४ मध्ये नोंदी पडताळून लेखी तक्रार केली, की छापून आलेले यश आणि रुग्णांची खरी अवस्था यांत मेळ नाही. त्यांनाच आधी त्रास सोसावा लागला. अखेर २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने मॅक्कियारिनी यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने बार्सिलोनाच्या शस्त्रक्रियेवरचा २००८ चा गाजलेला लेखही मागे घेतला.

या प्रकरणात विज्ञानाची चूक जेवढी होती, त्याहून मोठी चूक घाईची होती. जनावरांवर पुरेसे पारखण्याआधी माणसांवर प्रयोग झाले. पेणच्याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरण आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहत, एकेका रुग्णाचा रक्तदाब, घाम, हृदयाची लय टिपत. त्या नोंदींतून प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला, त्याच लॅन्सेटमध्ये छापून आला, आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू विलक्षण खाली आले. नवा उपचार किती झगमगीत आहे यापेक्षा त्याची नोंद किती खरी आहे यावर रुग्ण जगतात.

तिसरी वाट: परक्याला आपले होऊ देणे

बेल्जियममधल्या ल्यूव्हेनचे पिअर डेलेअर हे मॅक्कियारिनी यांच्यावर फार लवकर जाहीर आक्षेप घेणाऱ्यांपैकी एक. त्यांची स्वतःची वाट संथ होती. २००८ मध्ये त्यांनी दात्याची श्वासनलिका रुग्णाच्या गळ्यात न बसवता आधी तिच्या हातात, कोपराखालच्या कातडीत, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पदरात गुंडाळून ठेवली.

त्या हाताचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मनगटाच्या वर, कातडीखाली एक उंचवटा. त्यात परक्याची नळी. श्वासाचे कोणतेही काम तिच्यावर नाही, फक्त रुजायचे. रुग्ण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेते. नळीला हातातून हळूहळू रक्त मिळू लागते. मग डॉक्टर रुग्णाच्या गालाच्या आतले अस्तर थोडे थोडे काढून नळीत लावतात. चार महिन्यांत नळी आतून पूर्ण झाकली गेली, काही दात्याच्या, काही रुग्णाच्या अस्तराने. मग औषधे थांबवली आणि नळी तिच्या रक्तवाहिन्यांसह गळ्यात मूळ जागी बसवली. दात्याचे अस्तर गेले तरी रुग्णाचे स्वतःचे अस्तर तिथे होते आणि गप्प असलेली कूर्चा टिकली. जानेवारी २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ही हकीकत आली. गेंडेन यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांनीही अशीच दिशा दाखवली होती: औषधाच्या आडोशाला यजमानाचे अस्तर नळीवर पसरले, की औषध थांबवूनही नळी उघडी राहू शकते.

पुढच्या रुग्णांत सारखे यश आले नाही. गालाचे अस्तर टिकाऊ असते, पण त्याला हलणारे केस नसतात, म्हणून बेडका साचतो. महिनोन्‌महिने वाट पाहणे कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला परवडत नाही. तरीही तत्त्व पक्के झाले: औषध ही आयुष्यभराची कुबडी नसून, अस्तर बदलेपर्यंत दिलेला टेकू असू शकते.

पॅरिसच्या इमॅन्युएल मार्तिनो यांनी वेगळाच दरवाजा उघडला. दात्याची श्वासनलिका न घेता त्यांनी मोठ्या रोहिणीचा, महाधमनीचा, गोठवून साठवलेला तुकडा वापरला, आतून जाळीदार स्टेंटचा आधार दिला. औषध लागले नाही. २०१८ च्या त्यांच्या अहवालात २० रुग्णांपैकी १३ जणांना असे रोपण झाले होते, आणि काहींमध्ये त्या धमनीच्या जागी श्वसनमार्गाचे अस्तर आणि नवी कूर्चा वाढलेली दिसली. दक्षिण कोरियात सोलच्या सेंट मेरीज रुग्णालयात २०२३ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या रुग्णाला त्रिमितीय छपाईने घडवलेला श्वासनलिकेचा भाग बसवला. त्यात दुसऱ्या माणसांच्या नाकातून मिळवलेल्या पेशी होत्या, तरी औषध दिले गेले नाही. दोन्ही वाटा आशेच्या आहेत. निकाल मात्र वर्षांनी मोजायचा असतो, हे स्टॉकहोमने शिकवले आहे.

हिशेब

सगळे मांडल्यावर मला एक गोष्ट ठामपणे वाटते. श्वासनलिकेत नकार टाळायचा तो शरीराला कायमचे गप्प बसवून नव्हे आणि त्याची नजर चुकवूनही नव्हे. परक्या चौकटीवर शरीर स्वतःचे अस्तर चढवेल एवढा वेळ आणि एवढे रक्त द्यायचे. जिथे घाई झाली तिथे माणसे गेली. जिथे कित्येक महिने हातात नळी वागवली तिथे औषध सुटले.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे, २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतीही आल्या. हात बसवणारे चमू मुंबईत आहेत. उद्या कोणी इथे श्वासनलिकेचे काम हाती घेतले तर त्याने आधी नैतिक समितीसमोर आणि मग रुग्णासमोर आकडे उघडे ठेवावेत, अपयशाचे सुद्धा.

पण त्याआधीचे काम पेण-रोह्यातच आहे. महामार्गावरचे अपघात, भातशेतीत मण्यार चावलेले लोक, कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण: यांतले अनेक जण काही दिवस व्हेंटिलेटरवर जातात. त्यांच्या नळीच्या टोकाजवळ हवेचा फुगा असतो. त्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. जास्त झाला की अस्तराचे रक्त तुटते, व्रण पडतो आणि नळी आकसते. कूपर आणि ग्रिलो यांनी हे १९६९ मध्येच दाखवले होते. फुप्फुस प्रत्यारोपण यशस्वी करणारे कूपर ते हेच. दाब मोजायचे यंत्र तळहातात मावते. प्रत्येक पाळीत एकदा तो मोजला, वेळेत ट्रॅकिओस्टॉमी केली, तर परक्या नळीची वेळच पुष्कळ जणांवर येणार नाही. आणि व्हेंटिलेटरवरून घरी आलेल्या माणसाचा श्वास आत घेताना वाजू लागला, तर त्याला दमा म्हणून पंप देत बसू नये. दुर्बीण घालून पाहावे.

तो मुलगा पुन्हा कारखान्यात जातो. डोळ्यांची आखणी करताना रेघ हलू नये म्हणून कारागीर क्षणभर श्वास रोखून धरतात. परवा त्याला तसा श्वास रोखताना पाहिला. रेघ पुरी झाली, आणि त्याने आवाज न करता श्वास घेतला.